कानातले लाल किडे

माळावरच्या शेळ्या दुपारी ओढ्याकाठच्या उंच गवतात बसत, त्या काळची गोष्ट. गवतातले राईहून बारीक लाल किडे त्यांच्या कानांना चिकटत. कानाच्या खाजेने ठिपकी नावाच्या शेळीच्या धाकट्या बहिणीने तर दूध पिणंच सोडलं होतं.

"साळुंक्यांना बोलवू या, त्या वेचून खातील," ठिपकी म्हणाली.

म्हातारा बोकड गरजला, "पाखरू डोक्यावर बसवायचं? आपल्या कळपात असली थेरं चालत नाहीत!"

"आजोबा, किडे चालतात आणि पाखरू चालत नाही?"

उत्तराची वाट न बघता ठिपकीने बहिणीला उघड्या माळावर नेलं आणि साळुंक्यांना हाक दिली. त्या कलकलाट करत आल्या आणि दोघींचे कान त्यांनी चकाचक केले. धाकटी टुणटुण उड्या मारत आईकडे पळाली आणि ढुशा देत दूध प्यायला लागली. ते पाहून बाकीच्या शेळ्या धावत सुटल्या. "आधी मी, आधी मी!"

सगळ्यांत शेवटी बोकड आला.

"मी आपला वारा खायला आलोय," तो आभाळाकडे बघत म्हणाला.

"खा की, आजोबा," ठिपकी हसू दाबत म्हणाली. "फक्त मान जरा तिरकी करा."

त्याने ती तिरकी केली.