उंटाचा चष्मा

"सोमवारपर्यंत ज्या नोकराला चाळीस इंग्रजी वाक्प्रचार येणार नाहीत, त्याने राजवाड्याची पायरी चढू नये," असा हुकूम कनकगडच्या राजेसाहेबांनी काढला, आणि तबेल्यातला म्हातारा मोतद्दार लहानू परीक्षेत साफ आडवा झाला. चाळीसही प्रश्नांना त्याने मान खाली घालून एकच उत्तर दिलं. मास्तरांनी चाळीस फुल्या मारल्या.

हुकूम राजेसाहेबांचा असला तरी अक्कल गुंडोपंत मास्तरांची. वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. चार थेंब पडले की ते छत्री उघडून म्हणत, "रेनिंग कॅट्स अँड डॉग्स!" म्हणजे मुसळधार पाऊस. मुसळधार नसला तरी म्हणत.

लहानूची मुलगी सगुणा थेट दरबारात आली.

"सरकार, आबांनी तीस वर्षं घोडे राखले. घोड्यांनी कधी इंग्रजीचा हट्ट धरला नाही."

"या लोकांना भाषेतलं काय कळणार?" मास्तर नाकातून हसले.

"मास्तरांना तरी सगळं कुठं कळतं?"

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मग मास्तरांना उत्तर येणार नाही असं काही विचार. आत्ता, इथंच. हरलीस तर बापाला घेऊन गाव सोड."

दरबारी गालात हसले. गुंडोपंतांना उत्तर आलं नाही, असं आजवर झालंच नव्हतं.

सगुणा पदर सावरत म्हणाली, "मास्तर, 'उंटाला चष्मा लावणे' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ काय?"

मास्तरांची पापणीसुद्धा लवली नाही. "सोपा आहे. अडाण्याला शहाणपण शिकवणे. फार जुना वाक्प्रचार."

"विलायतेत उंट असतात?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सर्कशीत असतात, सरकार."

"तुमच्या पुस्तकात आहे का हो हा?" सगुणाने विचारलं.

"नसेल कसा? पान एकशे सतरा."

राजेसाहेबांनी पुस्तक मागवून पान उघडलं. तिथं मांजरं होती, कुत्री होती. उंट नव्हता. मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पुढून मागे, मागून पुढे चाळलं. उंट कुठेच सापडेना.

"सापडायचा नाही," सगुणा म्हणाली. "काल घोड्याला खरारा करताना मीच तो जुळवला."

दरबारात खसखस पिकली. मास्तर लालबुंद झाले. "सरकार, ही फसवणूक आहे. आणि मी उत्तर तर दिलंच!"

"खरं उत्तर दिलं नाही," सगुणा म्हणाली. "ते तीनच शब्दांचं होतं. आबांनी परीक्षेत चाळीस वेळा सांगितलं, मास्तरांना एकदाही आलं नाही."

"कोणते तीन शब्द?" राजेसाहेबांनी विचारलं.

"आय डोंट नो."

राजेसाहेब असे हसले की डोक्यावरचा मंदिल कलला. त्यांनी हुकूम तिथल्या तिथे फाडला, लहानूला तबेल्याचा कारभारी केलं आणि सगुणाला आपलं लाडकं पांढरं शिंगरू दिलं.

"आणि मास्तर," डोळे पुसत ते म्हणाले, "उद्यापासून रोज सकाळी तबेल्यात जा. लहानू तुमची शिकवणी घेईल."