खिळ्यावरची खूण

एका गावात एक पाटकरी होता. बंधाऱ्यावरून निघालेला पाट त्याच्या चौकीपाशी येऊन पाच फाट्यांत फुटायचा आणि पाच गावांना जायचा. कोणत्या फाट्याला किती पाणी सोडायचं, हे बघणं त्याचं काम. माणूस सरळ. कोणाच्या घरचं ताकसुद्धा उगाच पीत नसे, न जाणो उद्या तो पाणी जास्त मागायचा.

पाण्याची वाटणी करायची ती एक जाड सागवानी फळी. पाटाच्या तोंडात आडवी बसवलेली, तिला पाच खाचा. ज्या गावाची खाच रुंद त्याला पाणी जास्त, अरुंद त्याला कमी. पिकं बदलली की वाटा बदलायचा, म्हणून बंधाऱ्यावरचा सुतार दरसाल नवी फळी करून धाडायचा. आता आपल्या घरात तो इंटरनेटचा लुकलुकणारा डबा असतो की नाही, राउटर म्हणतात तो, त्याचंही असंच असतं. कुठून आलेलं कुठं पाठवायचं हे त्याला शिकवणारा प्रोग्राम अधूनमधून नवा येतो आणि डबा मुकाट्यानं त्याचं ऐकतो. पाटही तसाच. फळी सांगेल तिकडं पाणी. पाण्याला बिचाऱ्याला काय कळतंय, फळी खरी की खोटी.

म्हणून तर जुन्या लोकांनी खबरदारी घेतली होती. सुतार प्रत्येक फळीवर तापल्या लोखंडानं कमळाचा ठसा उठवायचा. त्या कमळाची कुठली पाकळी कुठं मुरडते हे त्याचं त्यालाच ठाऊक. नक्कल करायला गेलेले लोहार हात टेकून परत आले होते. आणि पाटकऱ्याकडं होती एक पितळी चकती, तिच्यावर तेच कमळ उठावाचं. चकती ठशावर ठेवायची आणि दाबायची. टक् करून आत बसली तर फळी सुताराची. नाही बसली तर फळी चोराची, आणणाऱ्याला धरा.

या पडताळणीचा थाट तर विचारू नका. फळी आली की पाची गावांचे पंच जमायचे. हळदकुंकू व्हायचं, नारळ फुटायचा. पाटकरी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून चकती ठेवायचा. टक् झालं की सगळे समाधानानं माना डोलवायचे. आणि मग ती चकती जायची कुठं, तर चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर, एका खिळ्याला. उघड्यावर. वर्षभर.

शेवटच्या फाट्याच्या शेवटच्या गावात मथाई नावाची बाई राहायची. तिचा पानमळा होता. पानवेल म्हणजे ओल्या बाळंतिणीसारखी. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि तहान तर मुळीच सोसत नाही. मुळाशी ओल तुटली की वेल शेंड्यापासून मान टाकते, मग हंड्यानं पाणी ओता, उठत नाही. मथाईच्या सासऱ्यानं लावलेला तो मळा. सगळं घर त्याच्यावर चालायचं.

एकदा बाजाराला जाताना मथाई घटकाभर टेकायला चौकीपाशी थांबली. निघताना पाटकऱ्याला म्हणाली,

"दादा, मघाशी मी पानांची टोपली कुठं टांगली होती, बघितलंत का?"

"नाही बुवा. कुठं?"

"तुमच्या त्या खिळ्याला. शेळी तोंड घालत होती म्हणून. चकती काढून खाली पायरीवर ठेवली. तुम्ही तिला ओलांडून आत गेलात नि बाहेर आलात."

पाटकऱ्यानं पायरीकडं बघितलं. चकती उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खिळ्याला लावली. "अगं, पूजेची वस्तू पायात ठेवतेस होय?"

"मी ठेवली ती तुम्हाला परत मिळाली तरी. उद्या कोणी ही नेली आणि हिच्या जागी दुसरी टांगली तर? आणि त्या दुसरीला बसेल अशी फळी आणली तर? तुम्ही टक् ऐकाल आणि नारळ फोडाल."

पाटकरी हसायला गेला, पण हसू आलं नाही. इतकी वर्षं त्यानं फळ्या निरखून बघितल्या होत्या. चकतीकडं कधी बघितलंच नव्हतं. रोज दिसणारी वस्तू कोण बघतं?

तो मथाईला घेऊन पारावर पंचांकडं गेला आणि म्हणाला, "चकती खिळ्याला नको. चौकीच्या दगडात खोबण पाडू, शिसं ओतून तिला आत पक्की बसवू. मग फळी तिच्यापाशी न्यायची, ती फळीपाशी आणायची नाही. चौकीचा दगड पाटाच्या पाण्यानं सदा ओला, ओल्यावर शिसं ओतता येत नाही, त्यासाठी एक दिवस पाट बंद ठेवावा लागेल, एवढंच."

"आजवर असं कधी झालंय का?" एका पंचानं विचारलं.

"झालं नाही म्हणून तर सांगायला आलो," मथाई म्हणाली. "झाल्यावर सांगायला आम्ही कशाला हवेत?"

पंचांत सगळ्यात वजन होतं गुऱ्हाळवाल्याचं. पहिल्या फाट्यावर त्याचा ऊस. तो पानाचा तोबरा सावरत म्हणाला, "एक दिवस पाट बंद? माझा ऊस काय तोंडात बोट घालून बसणारेय? आणि मथाई, असलं चारचौघांत बोलायचं नसतं. चोराला आपण होऊन वाट दाखवायची का? तू आपली पानं वीक, बये."

सगळे हसले. "शेवटच्या फाट्याचं शहाणपण पहिल्यांदाच वर आलं," असं कोणीतरी म्हणालं, त्यावर आणखी हसले.

आता मथाईचं खरं आहे, हे पाटकऱ्याला पटलं होतं. पाटाच्या दाराची कळ त्याच्याच हातात. त्यानं मनात आणलं असतं तर त्याच दिवशी काम झालं असतं. पण पंचांशी वाकडं कोण घेणार? शिवाय भिंतीत बसवलेली चकती म्हटल्यावर ते धूतवस्त्र, तो थाट, ते सगळ्यांनी आपल्या हाताकडं बघणं, सगळंच गेलं. "पाहू पुढं," तो म्हणाला.

मला राग येतो तो या 'पाहू'चा. भोक दिसलं, बोट घालून दाखवलं, तरी म्हणायचं पाहू. आणि वर उपदेश कोणाला, तर दाखवणारीला. अहो, ज्या चोराला वाट दाखवायची नव्हती तो होता कुठं? पारावरच बसला होता की, पान चघळत. मथाईच्याच मळ्यातलं.

गुऱ्हाळवाला दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून लांबच्या गावच्या लोहाराकडं गेला. "हुबेहूब कमळ जमणार नाही," लोहार म्हणाला. "हुबेहूब हवंय कोणाला?" गुऱ्हाळवाला म्हणाला. "तू तुला जमेल तसं कमळ कर. एक ठसा कर आणि त्यात बसणारी एक चकती कर. त्या दोघांचं एकमेकांशी जमलं की झालं."

भर दुपारी पाटकरी जेवायला घरी गेला असताना गुऱ्हाळवाल्यानं चकती बदलली. आठवड्यानं एक परका गाडीवान नवी फळी घेऊन आला, "सुतारानं दिलीय" म्हणाला. पंच जमले, हळदकुंकू झालं, नारळ फुटला. टक्. सगळ्यांनी माना डोलवल्या. गुऱ्हाळवाल्यानं जरा जास्तच.

पहिला फाटा दुथडी भरून वाहू लागला. मधल्या गावांना थोडंफार मिळत होतं. शेवटच्या फाट्यात मात्र आधी चिखल दिसला, मग चिखलाला भेगा. मथाईनं घरच्या आडाचं पाणी शेंदून शेंदून घातलं, तिची सून आणि ती, दोघींच्या हाताला फोड आले. आडानं तळ दाखवला. वेलींचे शेंडे पिवळे पडले. ती पाटकऱ्याकडं धावली.

"दादा, पाणी येत नाही हो. फळीत काहीतरी खोट आहे."

"सगळ्यांसमोर पडताळून लावलीय, मथाई. खुणेला खूण जुळली. तूही होतीस."

"खूण जुळली, पण कशाला जुळली?"

"तेच तेच नको काढू आता," पाटकरी म्हणाला आणि आत गेला. मनातून चरकला होता, पण ज्या हातानं नारळ फोडला त्याच हातानं फळी उचकटायची कशी?

पुढच्या बाजाराच्या दिवशी बंधाऱ्यावरचा सुतार स्वतः फळी घेऊन आला. यंदा आजारपणानं त्याला उशीर झाला होता. पाटात नवी फळी बसलेली बघून तो चकितच झाला. "ही कोणाची? माझी तर ही, माझ्या खांद्यावर."

पंच पुन्हा जमले. चकती त्याच्या ठशावर ठेवली. दाबली. बसेना. फिरवून ठेवली, तरी बसेना. डुगडुगत राहिली.

"चोर आहे," गुऱ्हाळवाला म्हणाला. "नियम म्हणजे नियम. धरा त्याला."

आणि धरलाच की. ज्यानं पिढीजात फळ्या केल्या, त्याच म्हाताऱ्याला आजारातून उठल्या उठल्या लिंबाच्या झाडाला बांधला. का, तर खिळ्यावरची चकती सांगते. समोर माणूस ओळखीचा, हात ओळखीचे, काम ओळखीचं, पण कोणाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. सुतार रडवेला होऊन म्हणाला, "अरे, मला पडताळताय, मान्य. त्या चकतीला कोणी पडताळलंय का?"

मथाई तडक निघाली. घरी गेली. जुन्या झालेल्या फळ्या गावात कोणी ना कोणी नेतच असे, तिनंही एक पानं रचायला नेली होती. ती डोक्यावर घेऊन आली आणि पंचांसमोर टाकली. "ही तुम्हीच लावली होती ना? हिचा नारळ तुम्हीच फोडला ना? आता ठेवा चकती."

पाटकऱ्यानं ठेवली. बसेना. डुगडुगली. जुन्या फळीचं कमळ आणि सुताराच्या फळीचं कमळ, पाकळीला पाकळी एक. वेगळी एकटी चकतीच.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू पहिल्या फाट्याकडं वळल्या, जिथं ऊस पाण्यात उभा होता. गुऱ्हाळवाल्याच्या गूळ कढवायच्या काहिलीखाली खरी चकती सापडली.

सुताराला सोडलं, खरी फळी बसवली. आणि शिक्षा काय झाली म्हणता? गुऱ्हाळवाल्यानं यंदा पंचांच्या ओळीत शेवटी बसायचं. झालं. "घरातलाच माणूस आहे, मोह पडला बिचाऱ्याला," पंच म्हणाले. तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? एकानं चकती पाटकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "हं, टांग खिळ्याला. खोबणीचं पाहू पुढं."

पाटकऱ्यानं चकतीकडं बघितलं. खिळ्याकडं बघितलं. मग मथाईकडं बघितलं, ती खालच्या कोरड्या फाट्याकडं तोंड करून उभी होती.

तो पाटावर गेला आणि त्यानं मोठं दार पाडलं. पाचही फाटे एकदम बंद झाले.

"अरे, खुळा झालास का?" पंच ओरडले.

"चकती दगडात बसेपर्यंत कोणालाच पाणी नाही," पाटकरी म्हणाला आणि दाराच्या कळीवर मांडी घालून बसला.

"माझा ऊस..." गुऱ्हाळवाला म्हणाला.

"अण्णा, ओळीत शेवटी बसायचं तुम्हाला. शेवटच्यांनी बोलायचं नसतं असं तुम्हीच शिकवलंत."

मग काय, पळापळ झाली. पाथरवट कुठून आला, शिसं कुठून आलं, कळलंसुद्धा नाही. ज्यांना एक दिवस जड होता त्या पंचांनी स्वतः घमेली उचलली. दिवस कलायच्या आत चकती चौकीच्या दगडात अशी बसली की दगड फोडल्याशिवाय निघू नये. स्वतःचा घसा कोरडा पडल्यावर माणसाला काय चपळाई येते.

पाटकऱ्यानं दार उचललं. पाणी सुटलं. तो मथाईपाशी आला, हात जोडले. "चुकलो, मथाई. तू टोपली टांगलीस त्याच दिवशी हे दार पाडायला हवं होतं."

मथाईनं नव्या खोबणीवरून हात फिरवला. शिसं अजून कोमट होतं.

"म्हणजे अर्ध्या दिवसाचंच काम होतं," ती म्हणाली.

पाण्याच्या पाठोपाठ ती आपल्या गावाला गेली. पानमळ्यात चपला घालून शिरत नाहीत, वेलीला विटाळ होतो म्हणतात. तिनं चपला बाहेर काढल्या आणि आत गेली. पायाखाली पानं कुरकुर वाजत होती. सऱ्यांतून पाणी खळखळत आलं, एकेका वेलीच्या बुडाशी थांबलं, पुढं सरकलं. वर एकही पान हललं नाही.

तात्पर्य: पाट असो की राउटर, नव्याची खूण पडताळली म्हणून निर्धास्त होऊ नये. जिच्याशी पडताळतो ती खूण कोणाकोणाच्या हाताला लागते, ते आधी बघावं. आणि भोक दाखवणाऱ्याला गप्प बसवून भोक बुजत नाही, ते फक्त चोराच्या एकट्याच्या मालकीचं होतं.