समुद्र दिसणारी खोली

सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जतहून मुंबईला आलेल्या वच्छलाने तो स्वस्तातला लॉज निवडला, तो दारावरच्या पाटीमुळे. ‘प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो.’ सासूने, तानूबाईंनी, जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि ऑपरेशननंतर नजर राहील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

पण खोलीला खिडकीच नव्हती. छताला टेकलेला एक झरोका तेवढा होता.

वच्छलाने लॉजच्या मालकाकडे गच्चीची किल्ली मागितली. रावजीशेठ गुरकावले, “गच्ची गिऱ्हाइकांसाठी नाही. झरोक्यातून दिसतो समुद्र. तुमची उंची कमी, त्याला मी काय करू?”

तेवढ्यात एक मोठं कुटुंब सामानसुमान घेऊन आत आलं. “खोलीतून समुद्र खरंच दिसतो का हो?” त्यांच्यातल्या आजोबांनी विचारलं.

शेठच्या आधी वच्छलाच बोलली, “दिसतो की! फक्त शेठच्या खांद्यावर उभं राहावं लागतं. आता आमच्या सासूबाई चढतायत, तुम्ही मागे रांग लावा.”

सगळे खो खो हसले. शेठनी घाईघाईने किल्ली काढून दिली.

गच्चीवर तानूबाई कपाळाशी हात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं पाणी, आणि त्यातलं घोटभरही पिता येत नाही?”

“नाही, आत्याबाई. खारट असतं.”

“मग आपली विहीरच बरी गं. पण बघू दे अजून थोडा.”