राजेसाहेबांची न मरणारी हार्ड डिस्क

“न मरणारी हार्ड डिस्क आण, नाहीतर उद्यापासून राजवाड्यात तोंड दाखवू नकोस!” सोनगिरीचे राजे उदयभान गरजले.

बिचारा रखमाजी! त्याने शाळा लवकर सोडली होती. खरं तर शाळेनेच आधी त्याचा नाद सोडला होता. राजवाड्यातल्या चिमुकल्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसणं, एवढंच त्याचं काम. कैलासवासी आईसाहेबांच्या ओव्या त्यात साठवल्या होत्या. राजांना त्यांची आठवण कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच. आता त्यातली डिस्क कटकट वाजू लागली होती, म्हणजे मरायला टेकली होती.

संध्याकाळी रखमाजी बाजारातून परतला, तर बातमी ऐकून व्यापारी धनपाळशेठ दरबारात हजर! “महाराज, माझी डिस्क अमर आहे! चंद्रसूर्य असेतोवर चालेल!”

रखमाजी पुटपुटला, “शेठजी, तुमच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ यात ठेवा आणि बाकी सगळीकडचा पुसून टाका.”

“वेड लागलंय का तुला? ही बंद पडली म्हणजे?”

दरबार खो खो हसला. शेठजींनी डिस्क हळूच पिशवीत सरकवली.

“मग तू काय आणलंस, शहाण्या?” राजांनी विचारलं.

रखमाजीने दोन साध्याच दिसणाऱ्या डिस्क पुढे केल्या. “या रात्रंदिवस चालण्यासाठीच बनवल्यात, महाराज. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, पुष्कळ टिकतील, पण कधीतरी मरतील.”

“मी एक अमर मागितली, आणि तू दोन मरणाऱ्या आणल्यास?”

रखमाजीचं डोकं, सवय नसतानाही, चाललं.

“महाराज, सोनगिरीची गादी अमर आहे ना?”

“अर्थात!”

“आणि गादीवरचे राजे...?”

दरबाराने श्वास रोखला.

“म्हणून तर युवराज असतात, महाराज! नदी ओलांडताना आपण एका नावेत, युवराज दुसऱ्या नावेत, हा आपल्याच घराण्याचा रिवाज. तशी एक डिस्क इथे लावू. दुसरीत त्याच ओव्या उतरवून ती नदीपलीकडच्या महालात ठेवू. पहिली गेली की दुसरी गादीवर, आणि लगेच नवा युवराज! डिस्क मरतील, ओव्या मरणार नाहीत!”

राजे पागोटं घसरेपर्यंत हसले! “लबाडा, नोकरी वाचवायला मलाच मारलंस की!”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून रखमाजीच्या हातात घातलं आणि त्याला ओव्यांचा कारभारी नेमलं.

रखमाजी इतका लाजला, की गडबडीत त्याने मुजरा केला तो कॉम्प्युटरलाच!