ॲशमियरचे बिनखुणेचे शेत

पाहुणेहो, आमच्या ॲशमियरच्या टेकडीवर ती अर्धी भिंत दिसते ना, तिथे एके काळी सात बुरुजांचा किल्ला होता. सगळे तीच बघायला येतात. तुम्ही जरा खाली बघा. उतारावरच्या या जवाच्या शेताला ना बांध, ना दगड, ना पायवाट. असे का, ते माझ्या आजीने मला सांगितले, तिला तिच्या आजीने.

किल्ला बेल्कूर घराण्याचा. त्यांचा मूळपुरुष साधा नावाडी होता म्हणे. पुरात बुडणाऱ्या राजाला त्याने केसांना धरून बाहेर ओढले आणि ही टेकडी इनाम मिळवली. मुलाने किल्ला बांधला. नातू रॉल्फ तर एवढा मोठा उमराव झाला, की तो रुसला तर राजाचे सैन्य अर्धे व्हायचे, असे सांगतात.

पुढे राजगादीवरून राजघराण्यातल्या दोन चुलतभावांत युद्ध पेटले. कोण जिंकेल ते दिसेना. तेव्हा रॉल्फने थोरल्या मुलाला, गॉडफ्रीला, एकाकडे पाठवले आणि धाकट्या पिअर्सला दुसऱ्याकडे. कुणीही जिंको, घराणे तरले पाहिजे.

त्याची बायको आव्हिस म्हणाली, "अहो, पोरांची वाटणी करतात का कुणी?"

"घराणे राहिले तर सगळे राहील," एवढेच तो बोलला.

गॉडफ्रीचा राजा जिंकला. पिअर्स रणात पडला. विजयी राजाला मात्र रॉल्फची चाल कळली होती. त्याने हुकूम दिला: पिअर्सचे शीर त्याच्याच किल्ल्याच्या दरवाजावर लागावे, आणि ते गॉडफ्रीने स्वतःच्या हाताने धडावेगळे करावे. मगच बेल्कूर राजनिष्ठ.

गॉडफ्रीने भावाला आपल्याच घोड्यावर घालून घरी आणले.  रॉल्फ मान खाली घालून म्हणाला, "मेलेल्याला काय दुखणार? हुकूम पाळ."

गॉडफ्री कुऱ्हाड घेऊन आत गेला. आव्हिस पिअर्सच्या केसांतला चिखल धूत होती. तिने वर पाहिले. 

"थांब जरा," ती म्हणाली, "अजून ओले आहेत."

गॉडफ्रीने कुऱ्हाड खाली ठेवली. "आई," तो म्हणाला, "तू डोक्याकडून धर. मी पाय उचलतो."

दोघांनी त्याला या उतारावर आणले. हॉब नावाचा नांगऱ्या चार गड्यांसह शेत नांगरत होता. त्याला ती म्हणाली, "याला इथे ठेवा. कुठे ते आम्हाला कळू देऊ नका. राजाच्या माणसांनी छळ केला तर आई सांगून बसेल रे." मायलेकांनी पाठ फिरवली. गड्यांनी पिअर्सला पुरले आणि सबंध शेत आडवे-उभे नांगरून काढले.

राजाची माणसे आली. गॉडफ्री म्हणाला, "मला माहीत नाही." ते खरेच होते. त्यांनी त्याचा शिरच्छेद केला. गावातल्या प्रत्येकाला विचारले, फटके मारले. कुणी तोंड उघडले नाही. राजाने जहागीर काढून घेतली आणि किल्ला पाडला. रॉल्फ देशोधडीला लागला. परक्याच्या दारात मेला, म्हणतात.

आव्हिस कुठे गेली नाही. हॉबच्या झोपडीशेजारी राहिली आणि दर पेरणीला या शेतात अनवाणी जव पेरू लागली. पाऊल टाकण्याआधी दर वेळी थबकायची. अशी बावीस वर्षे गेली. तिचा शेवट जवळ आला तेव्हा म्हातारा हॉब उशाशी बसला.

"बाईसाहेब, आता भीती नाही. जागा सांगतो."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको रे. एक जागा कळली, तर बाकीचे शेत परके होईल."

हॉबनेही मग ती जागा कुणाला सांगितली नाही.

आजही ज्या आईचे लेकरू परतले नाही, ती पेरणीच्या दिवशी इथे अनवाणी येते आणि मूठभर जव टाकून जाते. कुणासाठी, ते कुणी विचारत नाही. माझी आई एकोणीस वर्षे आली. माझ्या थोरल्या भावाची होडी सापडली होती. तो सापडला नाही.