शेवरेबंदरची मुद्रिकेची बाय

हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा, मुलांनाही जवळ घ्या, आणि ऐका.

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी शेवरेबंदर गावात विसू चित्रकथी राहत होता. रामकथेची चित्रं रंगवलेले मोठे कागद तो एकेक करून समोर धरी, हुडूक वाजवी आणि गाई. नवरात्रात नऊ दिवस देवीच्या देवळापुढच्या मांडावर त्याची कथा होई. त्या कथेचा एक नेम होता. सीताहरण गायच्या दिवशी, मारुतीराय अशोकवनात सीतामाईच्या ओंजळीत रामाची मुद्रिका टाकतो, ते पान गायल्याशिवाय उठायचं नाही. माउलीला निरोपावाचून ठेवून कुणी घरी जायचं नाही.

विसूची मुलगी सुंदरा. तिचा नवरा बाबल परगावचा, गलबतावर खलाशी होता. त्या वर्षी सीताहरणाच्या दिवशी दोघं मांडावर पहिल्यांदाच शेजारी बसून ऐकत होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला त्याचं गलबत सुटायचं होतं. कथा अशोकवनापर्यंत आली आणि गावप्रमुख गावकराच्या घरून महाप्रसादाचं बोलावणं आलं. पानं वाढली होती, पोरं भुकेली होती. गावकर हसत म्हणाला, "विसू, सीतामाय बसात आजची रात अशोकवनात. एका दिवसान काय होतला?" माणसं हसली. विसूही हसला आणि त्यानं चित्रांची पोथी बांधली.

मुद्रिकेचं पान त्यानं दुसऱ्या दिवशी गायलं. सगळ्या गावानं ऐकलं. बाबलनं तेवढं ऐकलं नाही. तो तेव्हा समुद्रात होता.

होळीला गलबतं परतली. बाबलचं आलं नाही. पुढच्या होळीलाही आलं नाही. कुणी म्हणालं बुडालं, कुणी म्हणालं परमुलखात अडकलं. सुंदरानं कपाळाचं कुंकू पुसलं नाही. एके दिवशी ती बापासमोर येऊन बसली.

"आबा, सीतामायबरोबर तुमी त्यांकाय अशोकवनातच ठेवलास."

चित्रकथीच्या पोथीला तोवर बाईमाणसाचा हात लागलेला नव्हता. विसूनं पोथी सोडली, मुद्रिकेचं पान काढलं आणि तिच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून सुंदरा रोज दिवेलागणीला बंदराच्या टोकावरच्या कातळावर जाई, चित्र समुद्राकडे धरी आणि गाई,

माये, पूस गे डोळे, घे मुद्रिका लाडकी,
रामराय निघाले, उरली वाट थोडकी.

पाणी भरायला जाणाऱ्या बाया कुजबुजत, समुद्राला काय कान असतात? एकीनं तोंडावर विचारलं तेव्हा सुंदरा म्हणाली, "समुद्राक नसले तरी त्यांका आसत मा." मग कुणी विचारलं नाही. उलट ज्यांची माणसं पाण्यावर होती त्या एकेक करून तिच्यामागे येऊन बसू लागल्या.

असं म्हणतात, की पावसाच्या झडीत उभं राहूनही त्या पानाचा रंग कधी ओघळला नाही. असं म्हणतात, की धुक्यात वाट चुकलेली होडकी तिच्या सुरावर सुकाणू धरून खाडीत शिरत. कुणाकुणाचे घरधनी असे परत आले. सुंदरा त्यांना ओवाळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कातळावर जाई. तिचे केस पिकले. विसू गेला.

मग एका वर्षी पाणी भरायला एक परकं गलबत खाडीत थांबलं. त्यावरचा एक म्हातारा खलाशी दोर वळता वळता गुणगुणत होता. त्याला आपली भाषा येत नव्हती, शब्द मोडके होते, पण चाल सुंदराची होती आणि ओळ मुद्रिकेची होती. बायांनी तिला हाताला धरून धक्क्यावर आणलं. गलबतावरच्या दुभाष्यानं विचारलं, हे कुठून शिकलास? खलाशी म्हणाला, दूरच्या एका बंदरात बाबल नावाचा माणूस माझ्याबरोबर ओझी वाहायचा. रोज दिवेलागणीला तो पाण्याकडे तोंड करून ऐकत बसायचा आणि मग हे गायचा. आम्हाला मात्र काही ऐकू येत नसे. पुढे तो घराकडे जाणारं गलबत शोधायला निघून गेला.

सुंदरानं ते दोनदा सांगायला लावलं. मांडावर जे पान त्यानं ऐकलंच नव्हतं, ते त्याच्या तोंडी होतं.

"म्हणजे निरोप पोचलो त्यांका," ती म्हणाली. मग पदर सावरून उठली. दिवेलागण होत आली होती, आणि वाटेत असलेल्या माणसाला धरून यायला सूर लागतोच.

ती शेवटपर्यंत गात राहिली. बाबल आला की नाही, हे सांगणारं कुणी उरलं नाही. कुणी म्हणतात, ज्या संध्याकाळी कातळावर ती दिसली नाही, त्या संध्याकाळी तिथे भिजलेल्या पावलांच्या दोन जोड्या उमटल्या होत्या. मला ते खरं वाटतं.

शेवरेबंदरात आजही सीताहरणाच्या दिवशी मुद्रिकेचं पान बायाच गातात, कातळावर, मुद्रिकेची बाय झालेल्या सुंदराच्या नावानं. गाण्याआधी जी ती आपल्या दूर गेलेल्या माणसाचं नाव घेते. हल्ली कुणाचा मुलगा मस्कतला असतो, कुणाचा नवरा जहाजावर. बाया फोन लावून पुढे धरतात, आणि पलीकडून "ऐकलं गे" आल्याशिवाय उठत नाहीत. ज्यांच्याकडून काहीच येत नाही, त्यांच्यासाठी सगळ्या जणी मिळून पुन्हा एकदा गातात.