बिनदाराची वेस

आसरखेड्याच्या वेशीला दार नाही. दगडी कमान आहे, दोन बुरूज आहेत, अडसराच्या खोबणीही शाबूत आहेत. दार तेवढं नाही. उजव्या खांबावर हळदीच्या हातांचे ठसे मात्र एकावर एक चढलेले दिसतात.

म्हणे, पेंढाऱ्यांच्या काळात इथे नोलन नावाचा आयरिश साहेब होता. गरिबीपायी आयर्लंड सोडून तो कंपनीच्या फौजेत शिरला. तिथे वरिष्ठांशी बिनसलं, तेव्हा एका मराठा सरदाराच्या चाकरीत आला आणि साध्या शिपायाचा कप्तान झाला. इथलीच ठकू त्याने बायको केली. वेशीच्या राखणीसाठी त्याने पलटणीकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. शत्रू दिसला की दार लावायचं, आणि तो निघून जाईपर्यंत उघडायचं नाही. मी सांगितलं तरी नाही.

"आणि बाईसाहेब बाहेर राहिल्या तर?" पलटणीतल्या सुभानजी नाईकाने थट्टेने विचारलं होतं.

"मग त्यांनी जरा लवकर यावं," साहेब म्हणाला. पलटण हसली होती.

एका दुपारी नदीपलीकडे धूळ उठली. धुणं तिथेच टाकून बायका पळत आत आल्या. ठकू घरीच असेल, अशा समजुतीत साहेबाने दार लावायला सांगितलं. अडसर पडला, आणि बाहेरून कुणीतरी दारावर हात आपटू लागलं.

"अहो, उघडा. मी आहे."

साहेब धावला. सुभानजी अडसराला पाठ लावून उभा होता.

"बाजूला हो."

"साहेब, तुमचाच हुकूम आहे."

साहेबाने तलवार उपसली. नाईकाने डोळे मिटले, पण जागचा हलला नाही. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून साहेबाचा हात उठेना. बाहेरचा हात वाजत राहिला. मग थांबला.

ठकूबाईनेच 'उघडू नका' म्हणून बजावलं आणि गावासाठी जीव दिला, असं जुने लोक सांगतात. मोठा त्याग म्हणतात. बायकांना ते पटत नाही. मरायला तयार झालेलं माणूस दार कशाला वाजवील?

साहेबाने नाईकाला शिक्षा केली नाही. दाराच्या फळ्या उतरवून त्यांचीच तिच्यासाठी चिता रचली. सरदाराची तलवार परत पाठवली आणि उरलेलं आयुष्य त्या मोकळ्या वेशीत बसून काढलं. बाई कुणीही येवो, तो उठून बाजूला होई.

आजही नवी नवरी गावात येते तेव्हा वेशीपाशी वाजंत्री थांबते. ती हळदीचा हात खांबावर आपटते. सुभानजीच्या घराण्यातला माणूस आधी बोलतो, मग सगळं गाव.

"ये बाई, उघडंच आहे."